कथा-कादंबरीवर चूल पेटते का?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

आमचं जवळा बाजार हे औंढा नागनाथ तालुक्यातलं गाव. गावाच्या नावातच बाजार आहे, त्यामुळे कुठल्याही वस्तूबद्दल आमच्याकडे पहिला प्रश्न येतो तो 'काय भाव?' हाच. हळदीला हा प्रश्न, सोयाबीनला हा प्रश्न, बैलाला हा प्रश्न. मी शाळेत मराठी शिकवत होतो आणि अधूनमधून कथा लिहीत होतो, तेव्हा एखाद्या अंकात कथा छापून आली की पारावरचे लोक अंक हातात घेऊन कौतुकानं चाळायचे आणि परत देताना विचारायचे, "सर, याचं काय मिळतं?" सुरुवातीला मला या प्रश्नाचा राग यायचा. आता वाटतं, प्रश्न अगदी रास्त होता आणि मीच त्याचं नीट उत्तर देत नव्हतो.

हे आज आठवायचं कारण म्हणजे माझा एक जुना विद्यार्थी. वय तिशीच्या आत-बाहेर. एका आडतीवर मुनीम म्हणून काम करतो. घरी आई, बायको, एक लहान मुलगी. गेल्या उन्हाळ्यात तो आठवडी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे आला. काखेत फाईल होती. रोज रात्री दहानंतर बसून त्यानं कादंबरी लिहिली होती, तीनशे चाळीस पानांची, हातानं. फाईल माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "सर, आडतीवरचं काम सोडावं म्हणतो. नुसतं लिहावं म्हणतो. जमंल का?" आणि मग खाली मान घालून म्हणाला, "आई म्हणते, लिवून पोट भरतंय का कुठं?"

त्याला त्याच वेळी हो किंवा नाही म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं, "आठ दिवस दे." त्या आठ दिवसांत जे आठवलं, तपासलं, ते आज तुमच्यापुढे मांडतो आहे.

आधी रोकड्या हिशोबाचं बोलू. मराठीत कादंबरीची पहिली आवृत्ती साधारणपणे हजार प्रतींची धरली जाते. आता तर मागणीप्रमाणे शे-दोनशे प्रतीही छापतात. लेखकाला छापील किमतीच्या दहा टक्के मानधन मिळतं, फार नावाजलेल्याला थोडं जास्त. समजा पुस्तकाची किंमत तीनशे रुपये. एका प्रतीमागे लेखकाला तीस रुपये, आणि हजार प्रती खपल्या तर तीस हजार. पण त्या एका दिवसात खपत नाहीत. दोन वर्षं, तीन वर्षं, कधी पाच वर्षं लागतात. कादंबरी लिहायलाच दोन वर्षं गेली असतील तर त्या दोन वर्षांचे महिन्याला साडेबाराशे रुपये पडले. आणि हे सगळं पुस्तक पूर्ण खपलं तर. आमच्याकडे पाडव्याला सालगडी ठरतो तो आता लाखाच्या पुढे ठरतो, आणि त्याला काम सुरू करायच्या आधी उचल मिळते. लेखकाला उचल नाही. त्यानं आधी साल घालायचं आणि मग पट्टीची वाट बघायची.

ही पट्टी म्हणजे प्रकाशकाकडून वर्षाला येणारा विक्रीचा हिशोब. आडतीवर माल घातला की संध्याकाळपर्यंत हातात पट्टी पडते: वजन किती, भाव किती, हमाली-तोलाई किती. पुस्तकाच्या धंद्यात ही शिस्त सगळीकडे नाही. माझ्या पहिल्या कथासंग्रहाचा हिशोब मला सात वर्षांत एकदाही आला नाही. मी तीन पत्रं लिहिली, मग लाज वाटून लिहायचं बंद केलं. चूक माझीही होती. मी करारच केला नव्हता. छापतो म्हणाले यातच मी हरखून गेलो होतो. पण वेळेवर हिशोब आणि वेळेवर धनादेश पाठवणारे प्रकाशकही मराठीत आहेत, आणि दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी मला तसे भेटले, हेही सांगितलं पाहिजे.

करारावरून एक गोष्ट लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याप्रमाणे लेखनाचे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात, तोंडी चालत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. कुठल्या प्रदेशासाठी हक्क दिले ते लिहिलेलं नसेल तर भारतापुरते धरतात. आणि हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतात. १९९२ पर्यंत ही मुदत पन्नास वर्षांची होती. म्हणजे बापानं लिहिलेल्या कादंबरीचं उत्पन्न नातवापर्यंत जाऊ शकतं. जमिनीचा सात-बारा आपण किती जपतो! पुस्तकाचा कागद मात्र आपण न वाचता सही करून देतो. भाषांतराचा हक्क, चित्रपटाचा, मालिकेचा, ऐकण्याच्या पुस्तकाचा, हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत. ते एका ओळीत, एकदम, कायमचे देऊन टाकायची काही गरज नसते.

हे झालं कागदाचं. पण प्रत्यक्षात कोणी या लेखनावर जगलं आहे का? आठ दिवस मी हाच विचार करत होतो, आणि पहिलं नाव आठवलं ते आमच्याच भागातलं.

बी. रघुनाथ. पूर्ण नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. जन्म १५ ऑगस्ट १९१३ चा, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या सातोना या गावचा. आमचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला, त्यामुळे माझ्या पिढीला बी. रघुनाथ हे आपल्याच जिल्ह्याचे वाटतात, आणि ते वाटणं काही अजून गेलेलं नाही. हैदराबादला मॅट्रिक झाले आणि निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकून म्हणून लागले. संस्थानाच्या कारभाराची भाषा उर्दू. कचेरीचं जग त्या भाषेतलं आणि घरी आल्यावर कथा, कविता, कादंबरी मराठीतली. अशी त्यांनी सात कादंबऱ्या लिहिल्या. 'आडगावचे चौधरी' हे त्यांतलं एक नाव. कविता आणि कथा वेगळ्याच. मराठवाड्यातल्या माणसाला मराठी कादंबरीत आपलं जगणं दिसायला ज्यांनी सुरुवात करून दिली त्यांत ते फार वरचे. ७ सप्टेंबर १९५३ ला परभणीत, कचेरीत काम करत असतानाच, त्यांचं निधन झालं. वय अवघं चाळीस.

मला हा प्रसंग विसरता येत नाही. सात कादंबऱ्यांचा लेखक, आणि शेवटचा श्वास कचेरीत. त्यांना पूर्णवेळ लिहायला मिळालं असतं तर? हा प्रश्न आम्ही तरुणपणी परभणीच्या रस्त्यांवरून फिरताना एकमेकांना विचारायचो आणि हळहळायचो. आता मला एवढं सोपं वाटत नाही. नोकरीनं त्यांचे दिवस खाल्ले हे खरं. पण ज्या माणसांबद्दल त्यांनी लिहिलं ती माणसं त्यांना घराच्या माडीवर बसून दिसली नसती. कचेरीत माणूस येतो तो काहीतरी अडचण घेऊन येतो, आणि अडलेला माणूस खरं बोलतो. लेखकाला याहून मोठी शाळा नाही. तरीही, चाळीसाव्या वर्षी! यात मी तोल साधू शकत नाही, आणि साधायचा प्रयत्नही करत नाही.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण. अण्णाभाऊ साठे. वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचे, जन्म १९२० चा. शाळा जवळजवळ नाहीच. मुंबईत गिरणीत काम केलं, पडेल ते केलं, शाहिरी केली, आणि तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. 'फकिरा' १९५९ ला आली आणि १९६१ ला तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, भाषांतरं झाली. लेखन हेच त्यांचं काम होतं, दुसरी पेन्शन नव्हती की पगार नव्हता. आणि १८ जुलै १९६९ ला ते गेले तेव्हा वय अठ्ठेचाळीस आणि घरात दारिद्र्य. पुस्तकं खपत होती, चित्रपट लागत होते आणि लेखकाच्या हातात मात्र काही राहत नव्हतं. नुसतं लिहून जगू म्हणणाऱ्यानं ही गोष्ट डोळ्यांपुढून हलू देऊ नये. लोकप्रियता वेगळी आणि उत्पन्न वेगळं. मधल्या वाटेत किती हात असतात ते आडतीवरच्या माणसाला मी काय सांगावं?

पण अशीही माणसं झाली की ज्यांनी हा धंदा धंद्यासारखा केला. बाबूराव अर्नाळकर, मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड एका काळी घराघरात माहीत होते. स्वस्त कागद, छोटं पुस्तक, पटकन वाचून होणारं. माझ्या वडिलांच्या पेटीत जमिनीच्या कागदांखाली दोन निघाले होते. आणि नंतरच्या काळातले सुहास शिरवळकर, ज्यांची पुस्तकं वाचनालयात कधी जागेवर सापडायची नाहीत. समीक्षकांनी त्यांच्याकडे बघितलं नाही, वाचकांनी मात्र भरभरून बघितलं. 'दुनियादारी' १९८२ ची. शिरवळकर २००३ मध्ये गेले, आणि २०१३ मध्ये त्या कादंबरीवर चित्रपट आला तेव्हा एक नवी पिढी पुस्तक शोधत दुकानात गेली. कादंबरी हे पीक असं आहे. पेरणारा गेल्यावरही ते कधी उगवून येईल सांगता येत नाही.

या लोकांना लिहून जगता आलं याचं एक कारण वाचनालयं. आजही राज्यात हजारो सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं त्यांना अनुदान मिळतं, अ-ब-क-ड असे वर्ग आहेत. मराठी कादंबरीचा मोठा गिऱ्हाईक अजूनही हेच ग्रंथालय आहे. ज्या गावात पुस्तकाचं दुकान नाही, आणि आमच्या भागात बहुतेक गावांत नाही, तिथे एखाद्या ड वर्गाच्या वाचनालयाचं कपाट हाच साहित्याचा बाजार. दुसरं कारण दिवाळी अंक. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला तेव्हापासून कथालेखकाला वर्षातून एकदा तरी हमखास गिऱ्हाईक असतं. मला पहिल्या कथेची पंचाहत्तर रुपयांची मनीऑर्डर आली होती. पोस्टमननं ती वाटेत चार जणांना दाखवूनच माझ्यापर्यंत आणली.

तिसरी वाट आहे ती पोटाचं एक काम बघायचं आणि त्याच्या कडेला लेखन चालवायचं, किंवा लेखनाच्याच दुसऱ्या प्रकारावर पोट भरायचं. हरिभाऊ आपटे मराठी कादंबरीचे मोठे पुरुष. पण पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेचं व्यवस्थापन हे त्यांचं काम होतं. त्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात आपल्या कादंबऱ्या भागाभागांनी छापल्या. 'पण लक्षांत कोण घेतो?' तशीच आली. दर आठवड्याला मजकूर द्यायचा म्हणजे द्यायचा. या धबडग्यात त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याही राहिल्या. आज मोबाइलवर कथा भागाभागांनी वाचतात आणि त्याला नवीन काही म्हणतात, तेव्हा मला हरिभाऊ आठवतात. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्याच्या शाळेत शिक्षक. चित्रपटांच्या पटकथा १९३६ पासून लिहू लागले, आणि मग कोल्हापूरला जाऊन लेखनावर राहिले. कादंबरीच्या बरोबरीनं चित्रपटाचं काम होतं. 'ययाती' १९५९ ची, तिला १९७४ चा ज्ञानपीठ मिळाला. त्यांच्या पुस्तकांची तमिळ भाषांतरं तिकडे इतकी वाचली गेली की तिथल्या वाचकांना ते आपलेच लेखक वाटत. शिरोड्याच्या शाळामास्तराला मदुराईकडचा वाचक मिळतो, याचा भाव कुठल्या काट्यावर करायचा?

हिंदीतले प्रेमचंद बघा. फेब्रुवारी १९२१ मध्ये गांधीजींच्या हाकेनंतर गोरखपूरची सरकारी नोकरी सोडली. पुढे बनारसला छापखाना काढला, 'हंस' मासिक काढलं, दोन्ही तोट्यात. कर्ज फेडायला १९३४ मध्ये मुंबईच्या सिनेमा कंपनीत गेले, तिथे रमले नाहीत, वर्षाच्या आत परतले. १९३६ मध्ये 'गोदान' आली आणि त्याच वर्षी ते गेले. शेतकऱ्याच्या कर्जाबद्दल ज्यानं एवढं लिहिलं तो स्वतः कर्जातच होता.

आणि एक इंग्रज. अँथनी ट्रोलप नावाचा कादंबरीकार टपाल खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसून, समोर घड्याळ ठेवून, दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द असा लिहायचा. तीन तास लिहून झालं की कामावर. तेहेतीस वर्षं नोकरी केली, १८६७ मध्ये सोडली. मरताना आत्मचरित्र ठेवून गेला, ते १८८३ मध्ये छापलं गेलं. त्यात त्यानं प्रत्येक पुस्तकाची कमाई पौंड-शिलिंग-पेन्समध्ये लिहून ठेवली होती. सगळी मिळून जवळजवळ एकोणसत्तर हजार पौंड. त्या काळी ही मोठी रक्कम. पण लोकांना ते रुचलं नाही. हा काय लेखक, हा तर चांभार, असं म्हणू लागले, आणि त्याची प्रतिष्ठा काही वर्षं खाली आली. मला मात्र हा माणूस फार आवडतो. चांभार म्हणण्यात कमीपणा तो काय? चप्पल बसायला पाहिजे. पारावरच्या माझ्या लोकांना ट्रोलप एका क्षणात कळला असता.

म्हणजे मोबदला पैशाचा असतो, पण थोड्यांना, उशिरा आणि बेभरवशाचा. मग माणसं का लिहितात? याचं उत्तर मी माझ्यापुरतं देतो, कारण दुसऱ्याच्या पोटात शिरून बघता येत नाही.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पूर्णवेळ लेखक होऊन बघितलं आहे. तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. बायको-मुलं तिच्या माहेरी गेली होती. सहा आठवडे मी सकाळी सहाला बसायचो ते ऊन दारात येईपर्यंत. पहिल्या आठवड्यात काहीच जमलं नाही. दुसऱ्यात कथेतली म्हातारी माझ्याशी बोलायला लागली. तिसऱ्यात मी भाजी घ्यायला गेलो तरी ती बरोबर. तिला काय म्हणायचं आहे ते मला चालता चालता कळायचं. शाळा चालू असताना हे कधी झालं नव्हतं. रात्री तास-दीड तास लिहायला बसलं की त्यातला अर्धा तास कालचा धागा सापडण्यातच जातो. पूर्णवेळ लिहिणाऱ्याचा धागा तुटतच नाही. पैशापेक्षा, नावापेक्षा, हा मला सगळ्यांत मोठा मोबदला वाटतो, आणि तो मी सहा आठवडेच चाखला.

पण पाचव्या आठवड्यात दुसरंही काही झालं. मला सांगण्यासारखं संपत आलं. घरात मी, कागद आणि मांजर. शाळेच्या व्हरांड्यात भांडणारी पोरं नाहीत, फी माफ करा म्हणून आलेली आई नाही, मुख्याध्यापकांचा तोरा नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो. त्यानंतर नोकरी सोडायचा विषय मी मनात काढला नाही. भित्रेपणा म्हणा, व्यवहार म्हणा.

दुसरा मोबदला वाचकाचा. माझी एक कथा एस.टी. कंडक्टरवर होती. दिवाळी अंकात आली. दोन महिन्यांनी एक पोस्टकार्ड आलं, किनवटकडच्या एका कंडक्टरचं. कथा आवडली की नाही याबद्दल एक अक्षर नाही. लिहिलं होतं की तुमच्या गोष्टीतला कंडक्टर रात्री डेपोत येऊन रोकड भरतो, पण वे-बिल भरलेलं तुम्ही दाखवलं नाही, वे-बिलाशिवाय रोकड घेतच नाहीत, आणि त्या माणसाच्या मनात एवढी खळबळ असताना वे-बिल भरायला बसणं हीच तर खरी पंचाईत असते. मी ते कार्ड दहा वेळा वाचलं. कथेत नेमकं जे नव्हतं ते त्यानं सांगितलं होतं. संग्रह काढताना मी तो भाग घातला, आणि कथा सुधारली. कोणी इतकं बारकाईनं वाचतं, तेही ड्यूटीवरून आल्यावर. त्या कार्डापुढे मला मनीऑर्डर फिकी वाटली. अर्थात तेव्हा माझा पगार चालू होता. पगार नसता तर कार्डापेक्षा मनीऑर्डरचीच वाट बघितली असती.

म्हणून आठ दिवसांनी तो पोरगा आला तेव्हा मी त्याला हो-नाही न म्हणता हळदीचं सांगितलं. हळद नऊ महिन्यांचं पीक. पावसाळ्याच्या तोंडाला लावायची, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायची, मग शिजवायची, वाळवायची, घोळून उजळायची, तेव्हा कुठे बाजारात जाते. मध्ये चार महिन्यांनी येणारं सोयाबीन नसलं तर हळदवाल्याचं घर चालत नाही. जे पूर्णवेळ लेखक टिकले त्यांनी बहुधा कुठलं ना कुठलं सोयाबीन पेरलं होतं. कोणी पटकथा लिहिली, कोणी मासिक चालवलं, कोणी छोटी खपाऊ पुस्तकं लिहिली. आज मालिकांचे भाग लिहिण्याचं काम आहे, भाषांतराचं आहे, ऐकण्याच्या पुस्तकांसाठी लिहिण्याचं आहे, आणि हे सगळं जवळा बाजारला बसून मोबाइलवर पाठवता येतं. आमच्या वेळी टपालानं हस्तलिखित परत आलं तरच ते पोचलं होतं हे कळायचं.

तो म्हणाला, "म्हणजे सर, सोडू नको म्हणता."

मी म्हटलं, "अरे, तसंही नाही म्हणत. एक पुस्तक छापून येऊ दे. दोन वर्षांचा घरखर्च बाजूला पडू दे, एका वर्षाचा नाही. बायकोशी बोललास का?" तो गप्प बसला. बायकोला कादंबरीबद्दल माहीत होतं, नोकरी सोडण्याबद्दल नव्हतं. मी म्हटलं, "मग मला काय विचारतोस? आधी तिला विचार. नुसतं लिहायचं ठरवलंस तर पहिली दोन वर्षं तूच नाही, ती पण लेखकाचं काम करणार आहे."

मग मी त्याची फाईल उघडली. तोवर साठ पानं वाचून झाली होती. खरं सांगायचं तर पहिली चाळीस पानं मुंबईत घडत होती. हा मुंबईला दोनदा गेलेला, एकदा नातेवाइकाच्या आजारपणात आणि एकदा लग्नाला. लोकल, समुद्र, उंच इमारत, सगळं कुठेतरी वाचलेलं. पण एक्केचाळिसाव्या पानावर नायकाचा बाप आडतीत येतो. पोत्यात हात घालून सोयाबीन मुठीत घेतो आणि व्यापारी भाव बोलायच्या आधीच त्याच्या चेहऱ्याकडे बघून मूठ सैल करतो. ती एक मूठ सैल होणं वाचून मी फाईल बाजूला ठेवली आणि थोडा वेळ अंगणात फिरून आलो. हे त्याला आडतीवर बसल्याशिवाय दिसलं नसतं, आणि रोज रात्री दहानंतर जागल्याशिवाय लिहिता आलं नसतं. मी त्याला ते पान दाखवलं. तो म्हणाला, "सर, हे तर मी उगं मधे टाकलं. आमच्याकडं रोजच होतं ते."

त्यानं अजून काम सोडलेलं नाही. मालकाशी बोलून सकाळी दोन तास उशिरा येण्याची परवानगी घेतली आहे, त्याबद्दल पगार थोडा कमी झाला आहे. हे त्याच्या बायकोनं सुचवलं असं तो सांगतो. हंगामात मात्र ते दोन तास मिळत नाहीत, तेव्हा नऊलाच हजर राहावं लागतं. मुंबईची चाळीस पानं त्यानं काढून टाकली. नवी तीस लिहून आणून दिली आहेत. कागद या वेळी दोन्ही बाजूंनी लिहिलेला आहे, त्यामुळे मला वाचायला त्रास होतो, तसं मी त्याला सांगितलंही. पुढच्या बाजारापर्यंत वाचून ठेवा म्हणाला आहे.